चार वाजताची पहिली लढत

बारामती
१० मार्च २०२५

सावळाराम,
सप्रेम जयभीम.

फोनऐवजी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. मेघनानं, म्हणजे आमच्या सूनबाईंनी, माझ्या मोबाइलमधून तुझा नंबर काढून टाकला आहे. गेल्या रविवारी आपण बॉक्सिंगवरून जे भांडलो ते म्हणे खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं, आणि त्यानंतर माझं बीपी पाहून डॉक्टरनं यंत्र बदलून पुन्हा मोजलं. "आबा, अप्पांशी भांडायचं असेल तर कागदावर भांडा," असा हुकूम झाला आहे. कागद तर कागद. मी फौजेतला माणूस, कुठल्याही मोर्च्यावर लढतो.

तुमच्या लासुर्ण्याच्या जत्रा कमिटीनं यंदा कुस्त्यांच्या जोडीला बॉक्सिंगही ठेवलं, त्याबद्दल अभिनंदन. पण त्याचं पोस्टर पाहिलं आणि अंगाची लाही झाली. वर निम्मं पोस्टर भरून गॉगलवाला विशाल. हा म्हणे रीलस्टार. त्याची मुख्य लढत कुठल्याशा जिमच्या मालकाशी. आणि आमची दिशा, माझी सख्खी नात, जिल्ह्यात पदक मिळवलेली पोरगी, ती कुठं? अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात. पहिली लढत, दुपारी चार. एप्रिलच्या उन्हात, रिकाम्या खुर्च्यांपुढं!

मुख्य लढतीच्या आधीच्या लढतींना हल्ली अंडरकार्ड म्हणतात असं दिशानं सांगितलं. मी मोबाइलवर बघतो की. वर एक मोठं नाव, आणि खाली सगळं भरताड. एकाला कधी कुणी हरवलेलं नाही, कारण तो कधी कुणा धड माणसाशी खेळलेलाच नाही. दुसरा हरायच्या बोलीवरच आल्यासारखा पहिल्या ठोशाला झोपतो. लोक तोवर वडापाव आणायला जातात.

आठव आपलं सत्त्याहत्तर साल. पुण्याचं ते मैदान, आठ लढती, आणि आठही अशा की कुठलीही उचलून शेवटी ठेवावी. तो झाशीचा डावखुरा, तो नौदलाचा केरळी, ते रेल्वेचे दोघे ज्यांच्या तिसऱ्या फेरीत पंचांनाच घाम फुटला. याला म्हणतात कार्ड! आणि त्या कार्डावर आपणही होतो. दोन-एकनं निकाल तुझ्या बाजूनं दिला तो चुकीचाच होता. आमचे वडील, तात्या, तेसुद्धा म्हणायचे, "रामचंद्रा, तूच जिकलास."

तू कमिटीत आहेस. दिशाची लढत शेवटून दुसरी कर. शिवाय तिच्या बापाची, संघपालची, एमआयडीसीतली ड्युटी सहाला सुटते.

तुझा,
रामभाऊ

लासुर्णे
१५ मार्च

रामभाऊ,
राम राम आणि जयभीम, दोन्ही.

पत्र वाचून सिंधूनं विचारलं, "रामभावजी एवढं वरडत्यात का वो?" म्हटलं, हे तर त्यांचं कुजबुजणं हाय.

आता ऐक. दिशाची लढत पहिली मीच ठेवली आहे, आणि मुद्दाम ठेवली आहे. तुला बॉक्सिंग कळतं, पण आमची जत्रा कळत नाही. इथं कार्यक्रमपत्रिका कशीही छापा, दोन लढतींच्या मध्ये सत्कार असतात. आजी सरपंच, माजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच, मंडप देणारा, मंडपाला जागा देणारा, आणि जागा न देताही राग धरून न बसलेला. प्रत्येकाला फेटा, शाल, नारळ, वर दोन शब्द. दोन शब्द म्हणजे किती ते तुला माहीत आहे. मागच्या साली शेवटची मानाची कुस्ती मोटारसायकलींच्या दिव्यात लावली आणि पैलवान घामाघूम व्हायच्या आत बरोबरीत सोडवली, कारण दहा वाजले आणि पोलीस माइक बंद करायला आले. त्याच्या आदल्या साली तर ती झालीच नाही. आमच्याकडं खात्रीची लढत एकच, पहिली. ती होते, कारण तेव्हा सत्कारवाले घरी कपड्यांना इस्त्री करत असतात.

त्यातून तिची जोड चांगली लागली आहे. समोरची पोरगी अकलूजची, वजनाला बरोबर, हाताला भारी. बाकीच्या जोड्या कमिटीनं कुस्तीसारख्या नजरेनं लावल्यात. "ह्यो दिसतोय तेवढाच त्यो दिसतोय, लावा." एका जोडीत तर मामाभाचे आहेत.

आणि ते तुझं सत्त्याहत्तरचं पुराण. मी होतो ना तिथं! तिसऱ्या लढतीत दोघे तीन फेऱ्या एकमेकांना मिठी मारून उभे होते, लोक ओरडले, "आता लग्न लावा यांचं." पाचवीतला एक गाडी चुकली म्हणून आलाच नाही. तुझा झाशीचा डावखुरा चांगला होता, मान्य. पण तू तर आपली लढत संपल्यावर भुवईला टाके घालून घ्यायला गेलास. तू पाहिलंस तरी काय?

पेरू पाठवतो आहे. मेघनाला सांग, बीपीला चालतात.

सावळाराम

बारामती
२१ मार्च

सावळाराम,

पेरू पोचले. गोड होते. त्यामुळे माझं मत बदलेल असं समजू नकोस.

तू सत्कारांची भीती घालतोस ती कुणाला? मी पलटणीत परेड वेळेवर सुरू केलेल्या आहेत. तुझ्याकडून काही होत नाही असं दिसल्यावर मी परवा एसटीनं थेट तुमच्या अध्यक्षांकडं गेलो. रणजितराव पोरगा गुणी आहे. चहा पाजला, माझे अनुभव ऐकून घेतले, दोनदा जांभई दिली पण तोंडावर हात ठेवून दिली. मी त्याला सांगितलं, खरं कार्ड कसं चढत जातं ते. त्यानं जागच्या जागी पेन काढून दिशाचं नाव खोडलं आणि विशालच्या आधी लिहिलं. शेवटून दुसरी!

वर म्हणाला, "आबा, तुमीबी जुनं बॉक्सर. तुमचा सत्कार ठिवतो." मी नको नको म्हटलं, पण त्याचा आग्रह फार होता.

तेव्हा आता तुला काही करायची गरज नाही. कळव फक्त, पोस्टर नव्यानं छापणार का.

रामभाऊ

लासुर्णे
२५ मार्च

राम्या,

पोरीची लढत घालवलीस. दुसरं काही लिहिण्याआधी एवढं लिहून घेतो.

तुझा सत्कार धरून आता सव्वीस सत्कार झाले. तू जांभई मोजत बसलास, पण तो गुणी पोरगा सगळ्यांनाच हो म्हणतो हे तुझ्या ध्यानात आलं नाही. शेवटून दुसरी म्हणजे आमच्या जत्रेत दुसऱ्या दिवशीची पहिली. दिशा सहा महिने पहाटे उठून पळते आहे, ते कशासाठी? हातमोजे घालून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसून राहण्यासाठी? मी रणजितकडं गेलो होतो. म्हणतो, "आता आबांला शबुद दिलाय."

तुला नातीची लढत बघायची आहे की पोस्टरवर नाव बघायचं आहे, तेवढं सांग. मोठ्या नावाच्या शेजारी आपलं नाव छापून यावं म्हणून तू एवढा कधीपासून हपापलास? मला तुझा राग आला आहे. यावेळी पेरू नाहीत.

सावळाराम

बारामती
३१ मार्च

सावळाराम,

तुझं पत्र मेघनानं वाचून दाखवलं आणि मध्येच थांबली. मग मी स्वतः वाचलं.

पोस्टरचं नाव गेलं खड्ड्यात. संघपालची ड्युटी सहाला सुटते, हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. तू ते वाचलं नाहीस, कारण मी ते शेवटी, लाजत लिहिलं. त्याला त्या दिवशी रजा मिळत नाही. चारला लढत झाली तर बाप पोचेपर्यंत पोरगी कपडे बदलून बसलेली असेल.

मला हे कसं असतं ते माहीत आहे. सत्त्याहत्तरला आमचे तात्या पणदऱ्याहून माझी लढत बघायला निघाले होते. आयुष्यात पहिल्यांदा पुण्याला. एसटी वाटेत बंद पडली. ते मैदानावर पोचले तेव्हा आपली लढत कधीच संपली होती, मी टाके घालून घेत होतो. त्यांना कुणी सांगितलं नाही. ते मागच्या खुर्चीवर बसले आणि प्रत्येक लढतीला वाटत राहिलं, पुढची आपल्या रामचंद्राची असंल. असं करत उरलेलं अख्खं कार्ड त्यांनी पाहिलं. शेवटी दिवे मालवायला लागल्यावर कुणा पोराला विचारलं तेव्हा कळलं. मग शेवटची गाडी धरून ते परत गेले. आमची भेटसुद्धा झाली नाही.

पुढं सुट्टीवर आलो तेव्हा त्यांनी मला सगळं सांगितलं. डावखुरा, केरळी, रेल्वेचे दोघे. ठोसा न् ठोसा. तू विचारलंस ना, तू पाहिलंस काय? काहीच नाही पाहिलं. माझं सत्त्याहत्तर सालचं कार्ड हे तात्यांनी सांगितलेलं कार्ड आहे. माझी वाट बघत पाहिलेलं, म्हणून ते सगळ्याच लढतींना एकसे एक म्हणायचे. आणि माझ्या लढतीबद्दल एवढंच, "तूच जिकलास, मला ठावं हाय." बाप आहे, न बघताही म्हणणारच.

म्हणून मला दिशाची लढत सहाच्या नंतर हवी आहे. चूक असेल तर असो.

रामभाऊ

लासुर्णे
४ एप्रिल

रामभाऊ,

पत्र दोनदा वाचलं. रागाचं लिहिलेलं मागे घेतो. तात्यांबद्दल मलाही काही बोलायचं आहे, पण ते जत्रा पार पडल्यावर.

लढत आहे तिथंच राहू दे. मी सत्कार कमी करायच्या मागे लागलो आहे. दोन फेटे कमी झाले, पण त्याच्या बदल्यात तीन नव्यानं रुसले. संघपालला सांग, फाट्यावरून आत येताना उसाच्या गाड्या असतात, जपून ये.

पेरू सोबत आहेत.

सावळाराम

लासुर्णे
२१ एप्रिल

रामभाऊ,

शनिवारी सातनंतर मी तुला दिसलो नाही म्हणून तू चिडला असशील. माझी कथा ऐक.

सात वाजता रणजितला फोन आला, विशालची गाडी भिगवणजवळ बंद पडली. मानाच्या पाहुण्याला आणायला वडीलधारं माणूस गेलं पाहिजे, हा आमच्याकडचा रिवाज. कमिटीत माझ्याएवढा म्हातारा दुसरा नव्हता. गेलो. विशाल गाडीपाशी नव्हताच, तो रसवंतीवर रील काढत होता. "आजोबा, एक मिनिट," म्हणत त्यानं मला तीन वेळा फ्रेमच्या बाहेर उभं केलं. आम्ही पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते, माइक बंद, निम्म्या खुर्च्या उचललेल्या. त्यानं रिकाम्या रिंगमध्ये हात वर करून फोटो काढला आणि गेला. मुख्य लढत झाली ती एवढीच.

तोवर तुम्ही बारामतीला निघून गेला होतात. दिशा जिंकली हे रस्त्यात भेटेल तो सांगत होता. आमच्या नातीनं, छकुलीनं, मोबाइलवर लढत धरली होती, पण तिच्यापुढं माजी सरपंच बसले होते. तीन फेऱ्या मी त्यांचा फेटा पाहिला.

निकाल कळला, लढत कळली नाही. फोनवर सांगू नकोस. लिही, नीट, पहिल्या घंटेपासून.

सावळाराम

बारामती
२६ एप्रिल

सावळाराम,

लिहितो. बस खुर्चीवर.

चारची पहिली लढत पावणेसहाला लागली. संघपाल सातला आला, घामाघूम, कंपनीचं ओळखपत्र गळ्यातच. म्हणाला, "झाली का?" मी म्हटलं, "अजून मामाभाच्याची चाललीय." इथवर सगळं माझ्या मनासारखं होतं आणि मी तुझी आठवण काढून मिशीत हसलो.

मग सत्कार लागले. आठ वाजले, नऊ वाजले. दिशा खरंच ट्रॉलीवर बसली होती, हातमोजे घालून, तू लिहिलं होतंस तशी. तिची आई तिच्या तोंडाला पाणी लावत होती. दिशा एकदाच म्हणाली, "आबा, हात गार पडले." सावळ्या, पोरीची लढत मी माझ्या हातानं घालवली होती.

साडेनऊला माइकवर माझं नाव आलं. "ज्येष्ठ मुष्टियोद्धे, माजी सैनिक रामभाऊ, यांनी मंचावर यावं आणि दोन शब्द बोलावेत." फेटा बांधणारा पुढं झाला. मी त्याचा हात धरला आणि माइक घेतला. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. म्हणालो, "मंडळी, मला फेटा नको. त्याच्या बदली मला तीन फेऱ्या द्या. माझी नात तिकडं ट्रॉलीवर बसलीय आणि तिचा बाप ड्युटी करून आलाय."

 मग मागून एक बाई ओरडली, "पोरगी आना की वर!" ती सिंधूबाई होती असं मला नंतर कळलं. लोकांनी टाळ्या धरल्या. रणजितराव घाबरून माझ्या कानात, "आबा, आजून अकरा सत्कार ऱ्हायल्यात." मी म्हटलं, दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मिनिट असतं, त्यात उरका.

आणि उरकले! पहिल्या फेरीनंतर अकरा मानकरी एका रांगेत उभे केले, फेटे बांधायला वेळ नव्हता म्हणून नुसते डोक्यावर ठेवले. दुसऱ्या फेरीनंतर नारळ. गडबडीत एक नारळ पंचांच्या हातात गेला आणि ते तो खाली कुठं ठेवावा या विचारात होते तेवढ्यात घंटा झाली. दोन शब्द कुणीच बोललं नाही. जत्रेच्या इतिहासात असं प्रथमच घडलं म्हणतात.

आता लढत. पहिली फेरी अकलूजच्या पोरीची. हात भारी, तू लिहिलंस ते खरं. दिशाचे गार पडलेले हात उघडेचनात. हलगीवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं की बॉक्सिंगमध्ये गप्प बसायचं असतं. तो कुस्तीसारखाच वाजवत सुटला. दुसऱ्या फेरीत दिशानं ती हलगी पकडली. पाय त्या ठेक्यावर टाकायला लागली. डावा, डावा, आणि मग उजवा सरळ हनुवटीवर! ती पोरगी दोरांवर गेली. मी खुर्चीवर चढलो होतो असं संघपाल म्हणतो, मला आठवत नाही. तिसऱ्या फेरीत दोघींनी एक पाऊल मागं घेतलं नाही. अशी फेरी मी जन्मात पाहिली नाही. दिशाला एकही ठोसा नीट लागला नाही. तीन-शून्य निकाल.

पण मी रिंगकडं निम्माच वेळ बघत होतो. निम्मा वेळ संघपालकडं. त्यानं सगळी पाहिली, सावळाराम. पहिल्या घंटेपासून.

रामभाऊ

लासुर्णे
२ मे

रामभाऊ,

वाचली. सिंधूला मोठ्यानं वाचून दाखवली. ती म्हणाली, "लढत अशीच झाली, पण तिसऱ्या फेरीत पोरीला दोन बसलं, आन् निकाल दोन-एक व्हता." मी म्हटलं, असू दे. आजा आहे. न बघितलेल्या माणसाला सांगताना थोडं वाढतंच.

मला ते माहीत आहे, कारण मीही एकदा असंच सांगितलं होतं.

सत्त्याहत्तरला दिवे मालवत होते तेव्हा मी फाटकापाशी उभा होतो. एक म्हातारा आला, पांढरी टोपी, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. "पोरा, रामचंद्राची लढत कवा हाय?" मी म्हटलं, झाली काका, सगळ्यात आधी. त्यांचा चेहरा पार उतरला. मग म्हणाले, "तू बघितलीस का?" मी म्हटलं, बघितली की, अगदी जवळून.

मग तिथंच दगडावर बसून मी त्यांना सांगितली. तीनही फेऱ्या. तू कसा पाय टाकत होतास, तुझा डावा कसा येत होता. त्यात काही खोटं नव्हतं, तुझा डावा मला चांगलाच माहीत होता. ते मध्येमध्ये हात उचलत होते. शेवटी विचारलं, "मग जिकलं कोन?" आणि रामभाऊ, माझ्या तोंडून गेलं, "रामचंद्रच की."

ते हसले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुज्या ओठाला काय झालं रं?" मी म्हटलं, पायरीवर पडलो. त्यांनी ते फडकं माझ्या हातात ठेवलं. "आता पलटनीत पोराला भेटू द्यायचे न्हाईत. तूच खा." ज्वारीच्या भाकरी होत्या, वर ठेचा. फुटलेल्या ओठाला तो ठेचा कसा झोंबला ते मी अजून विसरलो नाही. पण एक तुकडा टाकला नाही.

ते तुझे तात्या आहेत हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणून तर एवढी वर्षं तू "मीच जिंकलो, तात्या म्हणायचे" असं ओरडतोस आणि मी बाकी सगळ्याला उत्तर देतो, तेवढ्याला देत नाही. मला वाटायचं, तो निकाल त्यांचा आहे, असू दे त्यांच्याकडं. पण न बघता म्हणाले असं तू लिहिलंस, ते मला सहन झालं नाही. ते न बघता म्हणाले नव्हते. त्यांनी तुझी लढत पाहिली होती, माझ्या तोंडून.

सावळाराम

बारामती
७ मे

सावळाराम,

पत्र संघपालनं वाचलं, मग मी, मग पुन्हा मी. मेघनानं बीपीचं यंत्र बाहेर काढलं आणि तसंच परत ठेवलं. मी रडलो, हे तुला लिहायला मला लाज वाटत नाही.

तिनं तुझा नंबर परत घातला आहे, पण फोन करू नकोस. मला बोलता येणार नाही. पुढच्या जत्रेत दिशाची लढत पहिली ठेव, चार वाजता. संघपाल आत्ताच रजा टाकतो आहे. येताना मी भाकरी आणि ठेचा आणीन, यावेळी तुझा ओठ धड असेल.

सत्त्याहत्तरचा निकाल मान्य. पण दुसरी फेरी माझी होती, एवढं तात्यांना सांगितलं होतंस ना?

तुझा,
रामचंद्र